शेवटचा भाग झाला की सांगते

मालिका संपली की सासूला सांगते, असं इनसुकने ग्यूसिकला ऑक्टोबरात कबूल केलं. तेव्हा दोघं त्याच्या वर्कशॉपमागे, उलट्या घातलेल्या एका होडीच्या आडोशाला उभे होते. तोंगयोंगच्या बंदरात तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हात कायम काळे आणि बोलणं मोजकं.

"अजून किती भाग आहेत?" त्याने विचारलं.

"सोळा."

"आठवड्याला दोन. म्हणजे डिसेंबर उजाडणार."

"थांबाल ना?"

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दोन महिन्यांचं काय एवढं," तो म्हणाला आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

इनसुकला सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. तिचा नवरा सांगहो अकरा वर्षांपूर्वी मांदेलीसारख्या बारीक माशांच्या बोटीवर गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा देह किनाऱ्याला लागला. तेव्हा मुलगी दायोन दहा वर्षांची होती. आता ती बुसानला नर्सिंग शिकत होती. टेकडीच्या चढावरच्या घरात उरल्या होत्या इनसुक आणि तिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासू, मालसून. पहाटे उठून इनसुक कालवं फोडायच्या शेडवर जायची, दुपारी दोनला परत यायची. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मीठ संपलंय, गॅस संपलाय, गुडघ्याच्या गोळ्या आणायच्यात, दायोनचा फोन आला होता का, एवढ्यावर दिवस सरायचा.

मग 'लाल कमान' सुरू झाली आणि घरात आवाज आला.

मालिका जुन्या राजेशाहीच्या काळातली होती. सरदार घराण्यातली नवी सून, हळद उतरायच्या आत विधवा झालेली. सासऱ्याच्या मनात एकच, की सुनेने नवऱ्यामागे जीव द्यावा, म्हणजे राजा खूश होऊन गावाच्या वेशीवर तिच्या नावाची लाल कमान बांधून देईल आणि घराण्याचं नाव होईल. ती आजारी पडते, आणि तिला तपासायला एक तरुण वैद्य येतो. शनिवार-रविवारी रात्री मालिका लागायची, पण पहाटे उठणाऱ्या बायका तोवर जागतात कुठे. त्यामुळे दोन्ही भाग सोमवारी दुपारी पुन्हा लागायचे, तेव्हा शेडमधल्या सगळ्या जणी आपापल्या घरी टीव्हीसमोर असायच्या.

तिसऱ्या भागात वैद्य पडद्याबाहेर बसून सुनेच्या मनगटाला बांधलेल्या रेशमी दोऱ्यावरून नाडी बघत होता. परक्या पुरुषाने हात लावायचा नाही ना.

"दोरा कशाला, मेल्या," मालसून टीव्हीकडे बघत म्हणाली. "हात धर की सरळ."

संत्रं सोलता सोलता इनसुकचा हात थांबला. तिने सासूकडे चोरून पाहिलं. म्हातारी गुडघ्यावर गोधडी घेऊन बसली होती, चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्या दिवसापासून इनसुक मालिका कमी आणि सासू जास्त बघू लागली. सहाव्या भागात मालसून म्हणाली, "बिचारीने काय पाप केलंय." नवव्या भागात सासऱ्याला उद्देशून एक शिवी हासडली. बाराव्या भागात वैद्याने पळून जायचा बेत सांगितला तेव्हा म्हणाली, "जा ग पोरी, मागे वळू नकोस." इनसुक प्रत्येक वाक्य जपून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शेडवर कालवं फोडताना मनात घोळवायची. ग्यूसिकला जाता येता भेटली की सांगायची, "आज चांगलं बोलल्या."

एकच गोष्ट तिला कळली नव्हती. चौदाव्या भागात मालिकेतली सासू मेलेल्या मुलाचे कपडे छातीशी धरून रडली, तेव्हा मालसून काही न बोलता उठली आणि भाग संपेपर्यंत मोरीत नळ सोडून बसली. ते कोणत्या बाजूला धरायचं, हे इनसुकला ठरवता येईना.

डिसेंबरातला तो सोमवार उजाडला. शेडमध्ये बायका नेहमीसारख्या दोन रांगांत उभ्या होत्या, पुढे शिंपल्यांचे ढीग, हातात सुऱ्या, तोंडातून वाफ. सगळ्यांची नजर त्यांच्यातल्या जोमरेवर. जोमरेकडे मुलगी-जावई आले होते, त्यामुळे काल रात्री जागून तिने शेवट बघितला होता.

"तोंड उघडलंस तर शिंपला कोंबीन," पलीकडून कोणीतरी दम दिला.

"मी कुठे काय म्हणतेय," जोमरे म्हणाली.

एरवी ती फुटायला वेळ लावायची नाही. आज मात्र ती मान खाली घालून सुरी चालवत राहिली. चहाच्या सुट्टीत शेगडीपाशी हात शेकताना तिने हळूच विचारलं, "ताई, चांगला आहे ना शेवट?"

जोमरेने तिच्याकडे नीट बघितलं. ग्यूसिकचं तिला माहीत होतं. बंदरावर काय लपतंय.

"आजच सांगणार आहेस वाटतं त्यांना?"

"हो."

"उद्या सांग."

"का?"

"मी कुठे काय म्हणतेय," जोमरे पुन्हा म्हणाली आणि हातमोजे चढवून निघून गेली.

पण ग्यूसिकला शब्द दिला होता, आणि आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही हे इनसुकला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. उरलेला वेळ तिने एकच वाक्य घोकलं. आई, एका माणसाने मला लग्नाचं विचारलंय, तुमचं काय म्हणणं आहे. आई, एका माणसाने मला. दोनदा सुरी निसटली.

घरी आली तेव्हा मालसूनने सगळी तयारी करून ठेवली होती. उकडलेली रताळी, मुळ्याचं तिखट, आंबवलेलं किमची, विजेवर तापलेली चटई, चष्मा पुसून नाकावर. टीव्हीशेजारी सांगहोचा फोटो होता, तो एकोणचाळीस वर्षांचा असतानाचा. इनसुक आंघोळ करून आली आणि फोटोकडे पाठ होईल अशी बसली. मग मान वळवावी लागते म्हणून पुन्हा सरकून समोर बसली.

"एका जागी बस की," मालसून म्हणाली. "लागेल आता."

आधी एकोणिसावा भाग झाला, मग शेवटचा लागला. नदीवर धुकं, काठाला होडी, होडीत वैद्य. झाडीतून सून आली, डोक्यावरून शाल, हातात गाठोडं.

"चढ," मालसून म्हणाली. "चढ, चढ. बघत काय उभी राहिलीस."

सुनेने एक पाय होडीत टाकला. जाहिराती लागल्या.

इनसुकला वाटलं, आत्ताच बोलावं. आत्ता म्हातारीचा जीव त्या होडीत आहे. तिने तोंड उघडलं, पण मालसून म्हणाली, "पाणी दे जरा," आणि पाणी देईपर्यंत मालिका पुन्हा सुरू झाली होती.

गावातून घंटा ऐकू आली. दासी धावत आली, सासूबाई बेशुद्ध पडल्या म्हणाली. सुनेने होडीतला पाय काढला.

"अग," मालसून एवढंच म्हणाली.

पुढे सगळं भराभर झालं. वैद्याला शिपायांनी धरलं. सून घरी पोचली, तर सासरा विषाचा पेला समोर ठेवून बसलेला. वैद्याला सोडतो, म्हणाला, तू हे घे. तिने तो दोन्ही हातांनी उचलला.

"उठेल ती," मालसून म्हणाली. "इतका मोठा वैद्य आहे, काहीतरी औषध देईल."

ती उठली नाही. वेशीवर लाल कमान उभी राहिली, तिच्यावर बर्फ पडला आणि पडदा पांढरा झाला. मग अचानक मोटारींचे हॉर्न वाजले. सोलमधलं काचेचं कॉफीचं दुकान, त्यात जीन्स घातलेली एक मुलगी, तोच चेहरा. तिची कॉफी एका माणसाच्या सदऱ्यावर सांडली. त्याचाही तोच चेहरा. आपण आधी कुठे भेटलोय का, तो म्हणाला. दोघं हसले, गाणं लागलं आणि नावं वर सरकू लागली.

मालसूनने चष्मा वर सरकवून टीव्हीकडे पाहिलं.

"संपलं?"

"संपलं, आई."

"कॉफी प्यायला मेली होय ती?"

इनसुकने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"वीस भाग," मालसून म्हणाली. "वीस भाग ओढत आणली पोरगी, पाय टाकला तिने होडीत, आणि मारून टाकली. त्यांना फोन लाव."

"कोणाला?"

"टीव्हीवाल्यांना."

"फोन नाही लागायचा. त्यांच्या पानावर लिहिता येतं, मोबाइलवरून."

"मग लिही. मी सांगते."

इनसुकने मोबाइल घेतला. सासूने चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि सांगू लागली. "तोंगयोंगहून एक म्हातारी लिहिते आहे. त्या पोरीला होडीत बसवायला तुमचं काय जात होतं? सासू बेशुद्ध पडली तर पडू दे. सासवा पडतच असतात. पाणी मारलं की उठतात. त्यासाठी तरण्याताठ्या पोरीने विष घ्यायचं? आणि पुढचा जन्म कोणी पाहिलाय? जे काय द्यायचं ते ह्याच जन्मात द्या. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

इनसुकने वाचलं. शेवटच्या वाक्यापर्यंत आली आणि थांबली. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मोबाइलकडे बघतच ती म्हणाली, "आई, मलाही एकाने विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं."

टीव्हीवर विम्याची जाहिरात मोठ्याने चालू होती. मालसूनने रिमोट उचलून आवाज बंद केला.

"कोणी?"

"बंदरावर इंजिनं दुरुस्त करतात ते. ग्यूसिक."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मालसूनने रताळ्याची सालं एक एक करून ताटलीत गोळा केली. इनसुकला सासूच्या बोटांची नखं दिसत होती, फक्त नखं. मान वर करायची तिची छाती होत नव्हती.

"म्हणजे इतके सोमवार," मालसून सावकाश म्हणाली, "तू मालिका बघत नव्हतीस. मला बघत होतीस."

"आई, मी..."

"मी काय म्हणते, कुठे हसते, कुठे रडते. परीक्षा घेत होतीस माझी, माझ्याच घरात."

"मला भीती वाटत होती, आई."

"तो टीव्ही होता," मालसून उठत म्हणाली. गुडघा धरून उठायला तिला वेळ लागला आणि इनसुकने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. दारापर्यंत जाऊन ती थांबली. "ते लिहिलेलं पुसून टाक."

इनसुकने पुसून टाकलं.

त्यानंतर घरात जी शांतता आली ती आधीच्या शांततेसारखी नव्हती. मालसून आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली. इनसुकने झाकून ठेवलेलं जेवण परत आल्यावर तसंच असायचं. बुधवारी तिने दाराबाहेरून हाक मारली, "आई, निदान पेज घ्या," तर आतून गोधडी ओढून घेतल्याचा आवाज आला. गुरुवारी भांड्यातली पेज थोडी कमी झालेली दिसली, तेवढंच. ग्यूसिकचा निरोप आला की मी येऊन भेटू का. इनसुकने कळवलं, मुळीच येऊ नका. तिने मनाशी ठरवलं होतं की रविवारपर्यंत बघायचं आणि मग त्याला नाही म्हणून सांगायचं. दायोनला तर अजून काहीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेडवर मोबाइल वाजला. पुलाने जोडलेल्या गोजे बेटावरून नणंदेचा फोन होता.

"वहिनी, आई निघाली का नक्की? काल म्हणाली पहिल्या बसने येते. आठपासून थांब्यावर उभी आहे मी."

"माझ्याकडे काही बोलल्या नाहीत, वन्सं."

"घरचा फोन उचलत नाहीये. काय झालंय तुमच्यात? माझ्याशी बोलताना आवाज कसातरीच येत होता तिचा."

इनसुकने सुरी टाकली. रबरी बूट आणि एप्रन अंगावर तसेच ठेवून ती धावत सुटली. घरी दार लावलेलं होतं, खोलीत अंथरूण घडी करून ठेवलेलं. मालसून अंथरुणाची घडी अशी कधी करत नसे, कोपऱ्याला कोपरा लावून. बस थांब्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, आजी आल्या होत्या, बस आली, पण चढल्या नाहीत. पाण्याकडे गेल्या.

"पाण्याकडे कुठे?"

"बंदराच्या भिंतीकडे. मी म्हटलं एवढ्या वाऱ्यात कुठे निघालात, तर थांबल्याही नाहीत."

वारा खरंच जोराचा होता. भिंतीवर लाटा फुटून पाणी वरपर्यंत येत होतं. इनसुक भिंतीच्या टोकापर्यंत गेली. तिथे दोन मांजरं होती आणि एक माणूस जाळं गुंडाळत होता. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ती ह्याच भिंतीवर तीन दिवस उभी होती. तेव्हा शेजारी मालसून होती, तिच्या खांद्याला घट्ट धरून. तिने खाली पाण्यात बघितलं, आणि बघवेना म्हणून मागे फिरली. ग्यूसिकला बोलवावं, त्याच्याकडे गाडी आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वर्कशॉपचं दार अर्धं उघडं होतं. आत शेगडीजवळ, उलट्या घातलेल्या बादलीवर, पिशवी मांडीवर घेऊन मालसून बसली होती. समोर ग्यूसिक टोपी हातात घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"दारू?" मालसून विचारत होती.

"सणासुदीला."

"आणि एरवी?"

"एरवी पित्त होतं."

"मुलं?"

"नाहीत."

"समुद्रावर जाता?"

"नाही. इंजिन किनाऱ्यावर उतरवून दुरुस्त करतो."

"कधीच जात नाही?"

ग्यूसिक घुटमळला. "काम झालं की चाचणी घ्यावी लागते. बंदराच्या आतल्या आत, एक फेरी."

"ती फेरी दुसऱ्या कोणाला मारायला सांगा," मालसून म्हणाली.

दारात इनसुकने चौकटीला धरलं होतं. ती खाली बसली, तिथेच, तेलाच्या डागांवर, आणि तोंडावर ओला हातमोजा धरून रडू लागली. ग्यूसिक पुढे आला, पण म्हातारीकडे बघून जागीच थांबला.

"उठ," मालसून म्हणाली. "बूट घालून शहरभर धावलीस होय? लोक काय म्हणतील."

"मला वाटलं तुम्ही..."

"काय वाटलं? कमान बांधून घेईन म्हणून?"

घरी परतताना चढावर मालसून तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा एका पायरीवर बसली आणि इनसुकला शेजारी बसायला सांगितलं. आणि जे तिने त्रेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिचा नवरा गेला तेव्हा ती चौतीसची होती, सांगहो सहा वर्षांचा. वर्षभराने जाळी विणणाऱ्या एका माणसाने विचारलं. माणूस चांगला होता, मुलांना घेऊन ये म्हणाला. तिने सासूला सांगितलं.

"सासू भिंतीकडे तोंड करून निजली. बोलेना, जेवेना. सहा दिवस. सातव्या दिवशी मी त्याला नाही म्हणून सांगून आले. मग ती उठून बसली आणि माझ्याच हातची पेज प्यायली."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. अजून येतो." मालसूनने गुडघा चोळला. "परवा मी भिंतीकडे तोंड करून निजले होते. भिंतीवरचा कागद सुटलाय तिथे, तो बघत होते. आणि एकदम वाटलं, ही म्हातारी इथे कशी निजली? हिला तर आपण पुरून आलो."

खालून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"मी हो म्हणत नाहीये," मालसून म्हणाली. "नीट ऐक. हो म्हणायला मला जमायचं नाही, तो माझा मुलगा होता. मी फक्त भिंतीकडे तोंड करून निजणार नाही. एवढंच माझ्याकडून होईल."

"सांगहोंच्या श्राद्धाला मी येईन."

"येशीलच. भात कोण शिजवणार? आणि दायोनला तू सांग. माझ्यावर ढकलू नकोस."

दायोनला त्याच रात्री सांगितलं. ती फोनवर बराच वेळ रडली, मग नाक ओढत म्हणाली, "आजी कुठे राहणार?" आजी कुठेही जाणार नव्हती. गोजेला मुलीकडे जायला तिने साफ नकार दिला.

कालवांचा हंगाम संपल्यावर, मे महिन्यात इनसुक आणि ग्यूसिकने लग्नाची नोंदणी केली. जोमरे आणि शेडमधल्या चौघी जणी जेवायला आल्या. मालसून आली नाही. गुडघा दुखतोय असा निरोप तिने पाठवला, आणि निरोपाबरोबर किमचीचा मोठा डबा. इनसुक वर्कशॉपवरच्या दोन खोल्यांत राहायला गेली, सासूच्या घरापासून दहा मिनिटांवर. ग्यूसिकला मालसून जावई म्हणत नसे, नावानेही हाक मारत नसे. "इंजिनवाले" म्हणायची. होडीच्या चाचणीची फेरी मात्र तो आता शेजारच्या वेल्डरकडून मारून घ्यायचा, आणि त्यावरून बंदरावर सगळे त्याची चेष्टा करायचे.

पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा इनसुकने दार ठोठावलं. तेवीस वर्षं राहिलेल्या घराचं दार ठोठावताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"उघडंच आहे," आतून आवाज आला. "ठोठावतेस काय परक्यासारखी."

आत मालसून शेजारणीबरोबर लसूण सोलत बसली होती. इनसुक बूट काढून त्यांच्यात बसली. शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मालसूनला विचारलं, "सून हल्ली इथे राहताना दिसत नाही ती?"

"कामाच्या जवळ खोली घेतलीय तिने," मालसून म्हणाली. "पहाटे चढ-उतार होत नाही आता. वय झालं ना."

शेडचा हंगाम संपून तेव्हा तीन आठवडे झाले होते, आणि हे शेजारणीलाही माहीत होतं. तिने इनसुककडे पाहिलं. इनसुकने लसणाची एक गड्डी उचलली आणि सोलायला घेतली.